रॉबर्ट टेलर : ‘पहिला’ या बिरुदाआड झाकलेला वास्तुविशारद

१. मराठी वाचकाला टस्कीगी हे नाव ठाऊक आहे ते वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे. अलाबामा राज्यातील त्या संस्थेत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ मध्ये आले. ज्या इमारतींच्या सावलीत ते वावरले त्यांतील अनेक प्रमुख इमारतींचे आराखडे मात्र दुसऱ्याच एका माणसाच्या हातचे होते. त्याचे नाव रॉबर्ट रॉबिन्सन टेलर.

२. टेलर यांचा उल्लेख येतो तेव्हा बहुधा एकच वाक्य येते : एमआयटीतून पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय. वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. ‘पहिला’ म्हटले की पुढच्या चाळीस वर्षांत त्या माणसाने काय केले, हे विचारायचे राहूनच जाते. टेलर यांचे मोठेपण त्या पहिलेपणात शोधू नये. एका उपेक्षित प्रदेशात त्यांनी पाय रोवला आणि तेथे बांधणारी माणसे घडवली, त्यात ते शोधावे.

३. प्रारंभ घराण्यापासून. उत्तर कॅरोलायनातील विल्मिंग्टन हे केप फिअर नदीकाठचे बंदर. रॉबर्टचे वडील हेन्री टेलर तेथले कसबी सुतार. इमारती, घरे आणि दक्षिण अमेरिकेकडे जाणारी मालवाहू जहाजे त्यांनी बांधली. पण हेन्री जन्माने गुलाम होते. त्यांची आई कृष्णवर्णीय गुलाम स्त्री होती, आणि बाप तिचा गोरा मालक.

४. येथे भाबडेपणा टाळला पाहिजे. हेन्रींना स्वतःचा व्यवसाय करण्याची मोकळीक मिळाली ती मालकाच्या रक्ताचे म्हणून. ज्या व्यवस्थेने त्यांच्या आईला मालमत्ता मानले, तिच्याच एका फटीतून मुलाच्या हाती करवत आणि रंधा आला. ‘सुताराचा मुलगा वास्तुविशारद झाला’ एवढेच सांगणारा ही फट वगळतो. कौशल्याचा वारसा आणि अन्यायाचा वारसा या घरात एकाच दाराने आले.

५. रॉबर्टचा जन्म ८ जून १८६८ चा, म्हणजे गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतर अवघ्या अडीच वर्षांनी. तो पाच वर्षांचा असताना पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. कायद्याने बेडी तुटते. पण तुटल्यानंतर उभे राहायचे कोठे, हा प्रश्न उरतोच. टेलर यांचे सारे आयुष्य त्या प्रश्नाच्या उत्तरात गेले.

६. विल्मिंग्टनमध्ये मिशनरी संस्थेच्या शाळेत शिक्षण आणि वडिलांच्या हाताखाली बांधकामावरील देखरेख, असे दुहेरी शिक्षण घेऊन टेलर १८८८ मध्ये बॉस्टनला एमआयटीत दाखल झाले. वास्तुकलेचे रीतसर शिक्षण देणारा अमेरिकेतील सर्वांत जुना विभाग तोच. पदवीसाठी त्यांनी वृद्ध व जखमी सैनिकांच्या निवासाचा आराखडा मांडला. १८९२ मध्ये ते पदवीधर झाले.

७. टस्कीगीचे संस्थापक बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना बोलावून घेतले. संस्था १८८१ ची, दारिद्र्यात जन्मलेली. विटा पाडण्याचे तिचे पहिले तीन प्रयत्न फसले होते. चौथ्या भट्टीसाठी वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकले, ही कथा त्यांनीच आत्मचरित्रात सांगितली आहे. अशा ठिकाणी बॉस्टनचा पदवीधर गेला. त्याला तेथे वास्तुविशारद, शिक्षक, गणिती, मुकादम, सारे काही व्हायचे होते.

८. सायन्स हॉल ही त्यांची तेथील पहिली इमारत. १८९८ चे चॅपेल हे त्यांचे सर्वोत्तम काम मानले जाते. त्यासाठी लागलेल्या सुमारे १२ लाख विटा विद्यार्थ्यांनीच पाडल्या आणि रचल्या. १८९९ मध्ये वॉशिंग्टन यांचे निवासस्थान ‘द ओक्स’ उभे राहिले. १९०१ च्या सुमारास आवारात लहानमोठ्या ४० इमारती होत्या, आणि चार सोडल्यास बाकी सर्व मुख्यतः विद्यार्थ्यांच्या श्रमांतून झाल्या होत्या.

९. त्याच १८९८ सालाची दुसरी बाजू पाहा. १० नोव्हेंबरला टेलर यांच्या जन्मगावी, विल्मिंग्टनमध्ये, सशस्त्र गोऱ्या जमावाने निवडून आलेले नगरशासन उलथवले, कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र जाळले आणि अनेकांना ठार केले. असंख्य कुटुंबे गाव सोडून गेली. ज्या वर्षी मुलाचे चॅपेल उभे राहिले, त्याच वर्षी वडिलांनी घडवलेल्या गावात आपल्या माणसांचे जगणे उद्ध्वस्त झाले. दक्षिणेत राहून बांधणे म्हणजे काय, हे या दोन घटना शेजारी ठेवल्यावर कळते.

१०. टेलर हे काही पुतळ्यासारखे अढळ नव्हते. १८९९ मध्ये ते टस्कीगी सोडून उत्तरेकडे क्लीव्हलँडला गेले. पण १९०२ मध्ये परतले, आणि मग निवृत्तीपर्यंत, म्हणजे आणखी सुमारे तीन दशके, तेथेच राहिले. पहिल्या वेळी त्यांना बोलावले गेले होते. दुसऱ्या वेळी बाहेरचे जग पाहून ते परतले. म्हणूनच त्यांचे दुसरे येणे अधिक मोलाचे.

११. पहिला आक्षेप गंभीर आहे. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९०३ मध्ये वॉशिंग्टन यांच्या धोरणावर कठोर टीका केली : हातांना काम शिकवायचे आणि राजकीय हक्कांबाबत मौन पाळायचे, ही तडजोड समाजाला कायम खालीच ठेवील. ही टीका आजही फेटाळता येत नाही. विल्मिंग्टनने तर दाखवूनच दिले की मताधिकार गेला की घर, दुकान, वृत्तपत्र काहीच सुरक्षित राहत नाही.

१२. परंतु टेलर यांच्या वर्गात ही विभागणी टिकत नाही. वीट पाडणाऱ्या मुलाला तेथे आराखडा वाचायला आणि काढायला शिकवले जाई. गुलामगिरीच्या काळातही दक्षिणेतील हवेल्या कृष्णवर्णीय कारागिरांनीच बांधल्या होत्या. हात त्यांचे होते; कागद दुसऱ्याचा होता, मालकीही दुसऱ्याची. टेलर यांनी तो कागद त्यांच्या हाती दिला. यास निव्वळ हस्तव्यवसाय म्हणता येणार नाही.

१३. दुसरा आक्षेप कलेचा. टेलर यांच्या इमारतींत अभिजात शैलीचे स्तंभ आणि तांबड्या विटांच्या भिंती दिसतात. यात नवे काय, ही तर मालकवर्गाच्या हवेल्यांची नक्कल, असे म्हणता येते. उत्तर त्या स्तंभांमागे आहे. हवेलीच्या स्तंभांमागे मालक राहत असे. टस्कीगीत त्यांच्यामागे वर्ग, ग्रंथालय आणि वसतिगृह होते. रूप उसने असेल, पण त्याचा अर्थ पार पालटला होता.

१४. त्यांचे काम आवारापुरते राहिले नाही. ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या देणगीतून दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी ग्रामीण शाळा उभारण्याची मोहीम टस्कीगीतून सुरू झाली. १९१५ मध्ये संस्थेने शाळांचे नमुना आराखडे छापले. त्यांत टेलर यांचा प्रमुख वाटा होता. १९३२ पर्यंत १५ राज्यांत सुमारे पाच हजार शाळा झाल्या. पुढे आराखडे बदलले, काम टस्कीगीबाहेर गेले. पण पायाभरणी तेथली होती.

१५. टस्कीगीतून शिकून गेलेली माणसेही पाहावीत. व्हर्टनर टँडी यांनी मॅडम सी. जे. वॉकर यांच्यासाठी न्यूयॉर्कजवळ ‘व्हिला लेवारो’ बांधला. विल्यम सिडनी पिटमन यांनी डॅलसमध्ये ‘नाइट्स ऑफ पिथियास टेंपल’ उभारले. ज्याला ‘प्रादेशिक’ म्हणून बाजूला सारले जाते, त्याच्या पाठशाळेची माणसे देशभर पसरली.

१६. घराण्याची पुढची पिढी अधिक अस्वस्थ करते. मुलगा रॉबर्ट रोशन टेलर शिकागोच्या गृहनिर्माण मंडळाचा पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष झाला. सरकारी वसाहती काळ्या-गोऱ्यांच्या मिश्र असाव्यात हा त्याचा आग्रह नगरपरिषदेने मानला नाही, आणि १९५० मध्ये त्याने पद सोडले. त्याच्या मृत्यूनंतर, १९६२ मध्ये, शिकागोत १६ मजली २८ इमारतींची वसाहत पूर्ण झाली. तीत जवळजवळ केवळ कृष्णवर्णीयच राहिले. तिला नाव दिले गेले त्याचेच : रॉबर्ट टेलर होम्स. २००७ पर्यंत ती पाडून टाकण्यात आली.

१७. ज्याने अलगपणाला विरोध केला, त्याचेच नाव अलगपणाच्या सर्वांत मोठ्या स्मारकाला! आजोबांनी गुलाम म्हणून बांधले, वडिलांनी विद्यार्थ्यांकडून बांधून घेतले, नातवाच्या नावाने दुसऱ्यांनी बांधले. तीन पिढ्यांचा हा क्रम एकच गोष्ट सांगतो : इमारत चांगली की वाईट हे तिच्या उंचीवरून ठरत नाही, ती कोणी ठरवली आणि तीत राहणाऱ्याचे कोणी ऐकले, यावरून ठरते.

१८. निवृत्तीनंतर टेलर विल्मिंग्टनला परतले. १३ डिसेंबर १९४२ रोजी टस्कीगीला आले असता, आपणच उभारलेल्या चॅपेलमधील प्रार्थनेच्या वेळी ते कोसळले आणि त्यांचे निधन झाले. ते चॅपेल १९५७ मध्ये जळाले. त्या जागी १९६९ मध्ये नवे पूर्ण झाले. २०१५ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने टेलर यांचे तिकीट काढले. पणती व्हॅलरी जॅरेट तेव्हा राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या वरिष्ठ सल्लागार होत्या.

१९. तिकिटावर ‘पहिला’ शोभून दिसतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र प्रत्येक ‘पहिल्या’ला एक प्रश्न विचारावा : याच्यानंतर दुसरा, दहावा, शंभरावा कोणामुळे आला? टेलर यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर स्वतः टेलर हेच आहे. त्यांचे सर्वोत्तम चॅपेल आज उभे नाही. पण त्याच्या विटा रचणाऱ्या मुलांनी तेथे शिकलेले काम इतरत्र नेले, आणि ते जळून गेले नाही.