यकृत, ग्रहणी आणि ताक : दाव्याआधी नोंद हवी

आतड्यातील जीवाणू आणि यकृत यांच्या संबंधाविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. हे सर्व आपल्या संहितांत पूर्वीच आलेले आहे, असे सांगून मोकळे होणे आम्हांस उचित वाटत नाही. चरकाचार्यांनी अग्नी व ग्रहणी यांचा विचार केला आणि ग्रहणीदोषात तक्राची प्रशंसा केली. त्यांच्यावर जीवाणुशास्त्र लादले नाही, तरी या निरीक्षणाचे मोल कमी होत नाही.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल व्हेनद्वारे येते. आतड्याच्या अस्तराचा अटकाव ढिला पडला की जीवाणुजन्य विषद्रव्ये याच वाटेने यकृतात पोहोचून दाह वाढवितात. हेपॅटिक एन्सेफॅलोपथीत लॅक्ट्युलोज देतात, ते आतड्यातील अमोनिया तेथेच रोखून मलावाटे बाहेर काढण्यासाठी. कामलेत विरेचन सांगणाऱ्या वैद्याला हा विचार परका वाटू नये.

परंतु ताक म्हणजे प्रोबायोटिक नव्हे. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001 साली केलेल्या व्याख्येनुसार जीवाणू जिवंत, पुरेशा मात्रेत आणि सिद्ध लाभ देणारे असावे लागतात. विरजण तर घरोघरी निराळे. प्रोबायोटिक कॅप्सूलच्या काही लहान अभ्यासांत यकृताची एन्झाइम्स उतरलेली दिसली. मात्र यकृतातील फायब्रोसिस त्यामुळे मागे हटतो, हे सिद्ध झालेले नाही.

पेण-रोहा भागातील वैद्यांना यातून काय घ्यावयाचे? धाटावच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या मेदयुक्त यकृताच्या रुग्णाला प्रथम विषमाशन व अध्यशन सोडावयास लावावे. स्थूल रुग्णाचे वजन 7 ते 10 टक्के उतरले, तर यकृताला निश्चित लाभ होतो. दुपारच्या भोजनातील लोणी काढलेले ताक हे त्यास साहाय्यक होय, पर्याय नव्हे. सुश्रुतांनी उष्णकाळी, दुर्बलास व रक्तपित्तात तक्र वर्ज्य सांगितले आहे, तेही स्मरावे.

यकृतविकारजन्य जलोदरात तर अधिक सावधगिरी हवी. ताकात घातलेले सैंधवही मीठच आहे, आणि पेणचे पापड-मिरगुंडही खारटच. अशा रुग्णास मिठाची मर्यादा स्पष्ट सांगावी. जिवंत जीवाणूंच्या कॅप्सूल यकृततज्ज्ञाच्या सल्ल्याविना देऊ नयेत. कावीळ दिसताच रक्ततपासणी करावी; ताकावर दिवस घालवू नयेत.

केंद्र शासनाने 2021 साली मेदयुक्त यकृताचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. या कार्यात आपलाही वाटा असावा, अशी इच्छा असेल तर दोन्ही तालुक्यांतील सभासदांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात : वजन, कंबरेचा घेर, एसजीपीटी, सोनोग्राफी, तक्राचा प्रकार व मात्रा, आरंभी आणि तीन महिन्यांनी. ज्यांना गुण आला नाही, त्यांच्याही. तक्राची थोरवी आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. आता ती मोजून दाखविण्याची जबाबदारी आपलीच आहे, असे आमचे मत आहे.