ढेकूण हा खासगी प्रश्न नव्हे

ढेकणांचा विषय निघाला की सुशिक्षित माणूस नाक मुरडतो, अधिकारी हसतो आणि चळवळीतला कार्यकर्ताही ‘याहून मोठे प्रश्न आहेत’ म्हणून पुढे सरकतो. रात्रभर अंग खाजवून सकाळच्या पाळीला हजर होणाऱ्या श्रमिकाला मात्र हा प्रश्न लहान वाटत नाही. झोप ही त्याच्या श्रमशक्तीची रोजची भरपाई आहे. तीच त्याच्याकडून हिरावली जाते.

‘हे लोक अस्वच्छ राहतात’ हे मध्यमवर्गाचे ठरलेले उत्तर. ते साफ खोटे आहे. ढेकूण घाणीवर जगत नाही, रक्तावर जगतो. स्वच्छ घर आणि अस्वच्छ घर यांत तो भेद करीत नाही. पॅरिसमध्ये २०२३ साली याच कीटकाने हाहाकार उडवला होता. गरिबाच्या घरी तो टिकतो याचे कारण दाटीवाटी, भेगाळलेल्या भिंती आणि रिकामा खिसा.

प्रस्तुत लेखकाचे बालपण चाळीत गेले. दर रविवारी खाटा गॅलरीत उन्हात पडत, सांध्यांत उकळते पाणी आणि रॉकेल ओतले जाई, आणि आठ दिवसांत ढेकूण परत येत. पुढे अर्थशास्त्र शिकवताना त्याचा उलगडा झाला. एका बिऱ्हाडाने फवारणी केली, तर वाचलेले ढेकूण भिंतीच्या भेगांतून, नळाच्या व विजेच्या नळ्यांतून शेजारी जातात आणि काही दिवसांनी परततात. खर्च एकाचा, लाभ सर्वांचा. म्हणून पुरेसा खर्च कोणीच करीत नाही. बाजार हा प्रश्न सोडवू शकत नाही, कारण बाजार खोली पाहतो आणि ढेकूण इमारत पाहतो. शिवाय डीडीटीला तो केव्हाच सरावला, आणि आजच्या बाजारी फवाऱ्यांनाही तो मोठ्या प्रमाणावर दाद देत नाही. बहुतेक औषधांनी अंडी मरत नाहीत; म्हणून दोनेक आठवड्यांनी दुसरी फेरी अटळ असते.

मग जबाबदारी कोणाची? घरमालकाची. फ्रान्सने २०१८ च्या कायद्याने भाड्याचे घर उपद्रवी कीटकांपासून मुक्त असण्याचे बंधन मालकावर घातले. मुंबईच्या बीडीडी चाळींचा मालक तर स्वतः राज्य शासन! १९२० च्या दशकात बांधलेल्या २०७ इमारती, १६० चौरस फुटांच्या खोल्या; शंभर वर्षे भाडे घेणाऱ्या या मालकाने ढेकणांचा भार मात्र भाडेकरूवरच टाकला. डासांसाठी पालिकेचे खाते आहे, कारण मलेरियाची आकडेवारी छापली जाते. ढेकूण रोग पसरवीत असल्याचे सिद्ध झालेले नाही; म्हणून त्याची फाईलच नाही. माणूस मेल्याखेरीज त्याचे दुःख मोजायचे नाही, असा हा हिशेब आहे.

आज हा प्रश्न तातडीचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आणखी हजारो कुटुंबे स्थलांतर करणार आहेत. लाकडी कपाटे, गाद्या आणि त्यांतले ढेकूण सोबत जातील. चाळीस मजली इमारतीत ते एकदा शिरले, तर काढणार कोण? १९३० च्या दशकात ब्रिटनमधील अनेक नगरपालिका गलिच्छ वस्तीतून नव्या घरात जाणाऱ्यांचे सामान आधी विषारी वायूने धुरवीत. आज वायूची गरज नाही. सुमारे पन्नास अंशांची उष्णता सामानाच्या गाभ्यापर्यंत पोहोचवून पुरेसा वेळ टिकवली, तर अंड्यांसह ढेकूण मरतात. मात्र हे गरिबांवरचा कलंक म्हणून होता कामा नये. विजेच्या जोडणीइतका प्रत्येक घराचा हक्क म्हणून व्हावे.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात: स्थलांतरापूर्वी सर्व सामानावर मोफत उष्णता-प्रक्रिया, खोलीऐवजी संपूर्ण इमारत हे निर्मूलनाचे एकक, आणि सार्वजनिक मालकीच्या प्रत्येक वसाहतीत हा खर्च मालकाच्या माथी. शाखांनी चाळीचाळीतून फिरून खोलीवार पाहणी करावी. लाजेपोटी लोक आधी नाकारतील. ती लाज मोडणे हेच पहिले राजकीय काम आहे. कारण ज्या दुःखाची लाज वाटते, त्याविरुद्ध मोर्चा निघत नाही.