रात्रपाळीच्या दुरुस्ती गाड्यांना दुसरी बॅटरी द्या : मागणीपत्र

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता, पाणीपुरवठा देखभाल विभाग

महोदय,

फुटलेल्या जलवाहिनीवर रात्री आमच्या कंत्राटी पिकअप गाड्या उभ्या असतात. इंजिन बंद, दिवे चालू. काम आटोपून सेल्फ मारावा तर नुसती टिकटिक. मग जंपर केबलसाठी दुसरी गाडी येईपर्यंत ताटकळायचे, आणि पुढच्या गळतीवर उशिरा पोचलो म्हणून बिलातून दंड कापला जायचा. त्यावर ‘चालकाने बॅटरी सांभाळली नाही’ असा शेरा. तो संघटनेला मान्य नाही.

हिशेब पाहा. ५० वॅटचे चार फ्लडलाइट म्हणजे २०० वॅट, १२ व्होल्टवर सुमारे १७ अँपिअर. ड्रिलच्या बॅटऱ्या भरणारा इन्व्हर्टर आणि टपावरचा पिवळा दिवा धरून आणखी १३. एकूण ३०. गाडीची बॅटरी ८० अँपिअर-तासांची (एएच), म्हणजे दोन तासांत ६० एएच खलास. शिवाय ही बॅटरी पातळ प्लेटांची, सेल्फला काही सेकंद जबर करंट देण्यापुरती बनवलेली. ती वरचेवर अशी उतरली की प्लेटांवर सल्फेट धरते आणि वॉरंटी संपायच्या आत तिचा निकाल लागतो.

इंजिन चालूच ठेवा, असे तोंडी सांगितले जाते. डिझेल आमचे जळते, बीएस-६ गाडीच्या डीपीएफमध्ये (धुराच्या गाळणीत) काजळी साठते, आणि खड्ड्यात उतरलेल्या माणसाच्या तोंडावर धूर जातो. हा उपाय नव्हे.

म्हणून आमच्या मागण्या :

१. कामाच्या दिव्यांसाठी वेगळी, खोलवर उतरणे सोसणारी बॅटरी द्यावी. चार तासांना १२० एएच लागतात. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून ती २४० एएचची हवी; लिथियम आयर्न फॉस्फेटची १५० एएचची पुरेल. पहिली जड, दुसरी महाग. निवड विभागाने करावी.

२. दोन्ही बॅटऱ्यांमध्ये डीसी-डीसी चार्जर बसवावा. निविदेत ‘रिले’ एवढेच लिहून मोकळे होऊ नये. व्होल्टेजवर चालणारा रिले साधारण १३.३ व्होल्टला बॅटऱ्या जोडतो, १२.८ ला सोडतो; जुन्या गाड्यांत तो ठीक चालतो. पण अनेक बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटरचे व्होल्टेज ईसीयू (इंजिनचा संगणक) स्वतःच खाली आणतो, रिले सुटतो आणि दुसरी बॅटरी अर्धपोटी राहते. लिथियम थेट जोडली तर ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर जळू शकतो. चार्जर ४० अँपिअरचा घेतला तरी १२० एएच भरायला तीन तास गाडी पळवावी लागेल. तेवढे आमचे फेरे नसतात. तेव्हा विभागाच्या आवारात चार्जिंगची सोय हवीच.

३. जोडकेबलला दोन्ही बॅटऱ्यांपासून वीतभर अंतरात एकेक फ्यूज हवा. एकाच टोकाला फ्यूज असला आणि केबल मध्येच घासून चेसिसला टेकली, तर दुसऱ्या टोकाची बॅटरी तिला तापवत राहते. आग लागते ती अशीच. बॅटरी हौद्यात, हवा खेळत्या पेटीत, पट्ट्याने आवळलेली असावी. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी सीटमागे ठेवायचा जुगाड काही गाड्यांत दिसतो. त्याला संघटनेचा पाठिंबा नाही. चार्जिंगच्या वेळी तिच्यातून हायड्रोजन सुटतो आणि माणूस शेजारीच बसलेला असतो.

४. साहित्य व जोडणीचा खर्च कंत्राटात स्वतंत्र बाब म्हणून धरावा. या बदलाने वॉरंटी जाणार नाही असे वाहन कंपनीकडून, आणि तो नियमात बसतो असे परिवहन विभागाकडून, लेखी मिळवून द्यावे. एकेकटा गाडीमालक अशी पत्रे आणू शकत नाही. आपण आणू शकता.

५. बॅटरी उतरल्याच्या कारणावरून कापलेला दंड परत करावा.

पावसाळ्याच्या आत संयुक्त बैठक लावून आधी एका गाडीवर ही जोडणी करून पाहावी. गाडी आम्ही देऊ. आणि दुसरी बॅटरी बसेपर्यंत या कारणासाठी कोणाचेही बिल कापू नये, ही विनंती.

आपले,
अध्यक्ष व सचिव,
दुरुस्ती वाहन चालक-मालक संघटना