हरकत घ्यायला हरकत नाही

गेल्या महिन्यात बडोद्याहून भाच्याचा फोन आला. स्वर असा, की लॉटरीच लागली असावी. "मावशी, आई-बाबांसाठी घर बघितलंय! तारापूरच्या बाजूला. समुद्र जवळ, बोईसर स्टेशन जवळ, मुंबईला लोकलनं जाता येतं, आणि मला बडोद्याहून यायलाही सोपं. किंमत ऐकशील तर विश्वास बसायचा नाही!"

किंमत ऐकली आणि खरंच विश्वास बसला नाही. ताई आणि भाऊजी दोघं सत्तरीच्या घरात. आयुष्यभर भाड्याच्या घरात काढली. भाऊजींच्या प्रॉव्हिडंट फंडातली उरलीसुरली रक्कम या घरात जायची होती. पन्नास हजार रुपये बुकिंगचे भरूनही झाले होते.

भाच्यानं माहितीपत्रक मोबाइलवर पाठवलं. त्यात सगळी अंतरं दिली होती. किनारा दहा मिनिटं, स्टेशन वीस मिनिटं, शाळा पाच मिनिटं, देऊळ तर चालत. नव्हतं ते फक्त एकच अंतर. आमच्या ह्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "अगं, सगळं आहे, पण अणुशक्ती केंद्र किती लांब?"

मोबाइलच्या नकाशावर मोजलं. सरळ रेषेत चार किलोमीटरही भरलं नाही.

आता वाचकहो, लगेच घाबरून जाऊ नका. मीही घाबरले नाही. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या, पुढच्या दोन २००५ आणि २००६ मधल्या. त्या विजेवर महाराष्ट्र आणि गुजरात दोन्हीकडचे पंखे फिरले आहेत, माझ्या माहेरचेही. अणुवीज हवी की नको, या वादात मला आज पडायचं नाही. माझा प्रश्न अगदी गृहिणीचा आहे. शेगडी घरात असतेच, पण तिच्याशेजारी आपण पाळणा टांगतो का?

हाच विचार सरकारी नियमांतही आहे, हे मला तेव्हा कळलं. आपल्याकडे १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं. केंद्रासाठी जागा कशी निवडावी याची त्यांची नियमावली आहे. तिच्यात केंद्राभोवती जणू तीन वर्तुळं आखली आहेत. पहिलं अगदी जवळचं, तिथं वस्तीच नको. २०१४ च्या नियमावलीप्रमाणे हे अंतर किमान एक किलोमीटर. पूर्वी ते दीड होतं. तिसरं सोळा किलोमीटरचं, तिथे संकटकाळी काय करायचं याची योजना तयार हवी. बोईसर गाव केंद्रापासून सरळ रेषेत दहाएक किलोमीटर, म्हणजे या तिसऱ्या वर्तुळात येतं.

आणि मधलं वर्तुळ पाच किलोमीटरचं. त्याला म्हणतात नैसर्गिक वाढीचा पट्टा. किती नेमका शब्द आहे पाहा! गावातल्या माणसाच्या मुलाचं लग्न झालं, त्यानं मागच्या अंगणात दोन खोल्या काढल्या, ही झाली नैसर्गिक वाढ. तिला कुणाची ना नाही. पण बाहेरून शेकडो कुटुंबं एकदम आणून बसवणारी वसाहत ही नैसर्गिक वाढ नव्हे. अशी वाढ आवरावी, असा नियम सांगतो. गोम इतकीच, की ती आवरण्याचं काम राज्याच्या प्रशासनाचं. मंडळ मुंबईत, नियम कागदावर, आणि जमिनीचे दाखले तालुक्याला. मधल्या वाटेत कागद कुठंतरी विसावला, की तेवढ्यात इमारत उभी राहते.

माझी कॉलेजातली एक मैत्रीण लग्न होऊन त्याच भागातल्या एका गावात गेली. तिथेच शाळेत शिकवून निवृत्त झाली. तिला फोन केला, तर ती हसलीच. "अगं, त्याच वसाहतीवर मी लेखी हरकत घेतलीय!"

"तुला काय भीती वाटते?" मी विचारलं.

"भीती नाही गं. मोजदाद वाटते," ती म्हणाली. तिचं हे वाक्य मी अजून विसरले नाही. ती पुढं सांगत होती, "इथं ठरावीक काळानं संकटाची रंगीत तालीम होते. जिल्हाधिकाऱ्यांपासून सगळे येतात. पहिली सूचना असते, घरात थांबा, दारं-खिडक्या बंद करा. मग वेळ पडली तर गोळ्या, आणि त्याहून वेळ पडली तर गाव रिकामं करायचं. आमच्या गावातली म्हातारी माणसं किती, अंथरुणाला खिळलेली किती, हे मला तोंडपाठ आहे. बाहेर पडायचा रस्ता एक. त्यावर आधीच कारखान्यांचे ट्रक. आता त्यात चारशे फ्लॅट टाक, तेही बहुतेक निवृत्तांचे. कुणाला कुठल्या बसमध्ये बसवायचं?"

त्या गोळ्या म्हणजे पोटॅशियम आयोडाइडच्या. अपघातात किरणोत्सारी आयोडीन हवेत सुटलं, तर ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठू नये म्हणून. वेळेवर घेतल्या तरच उपयोग, आणि तोही फक्त आयोडीनपुरता. म्हणजे गोळी कुणाच्या हातात किती वेळात पडते, हाही शेवटी माणसं मोजण्याचाच प्रश्न.

मला चटकन फुकुशिमा आठवलं. मार्च २०११ मध्ये जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामीनंतर तिथल्या केंद्रात अपघात झाला आणि दीड लाखांवर माणसांना घरं सोडावी लागली. जपानसारखा शिस्तीचा देश. तरी रुग्णालयांतून आणि वृद्धाश्रमांतून हलवताना, आणि नंतरच्या दगदगीत, कितीतरी वृद्ध दगावले. त्यांना किरणांनी मारलं नाही, घाईघाईच्या स्थलांतरानं मारलं. आणि आपल्या भोपाळला कसं विसरायचं? २ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू सुटला, तेव्हा कारखान्यासमोरच जयप्रकाशनगरची वस्ती झोपलेली होती. तो कारखाना अणूचा नव्हता, पण धडा तोच. धोक्याच्या जागेजवळ जितकी माणसं जास्त, तितकं संकट मोठं.

परदेशात असं काही होतं का, म्हणून शोध घेतला. इंग्लंडमध्ये बर्कशायर परगण्यात बर्गफील्ड नावाचं ठिकाण आहे. तिथे अण्वस्त्रांची जुळणी होते. २०१९ साली तिथले नियम बदलले आणि २०२० मध्ये स्थानिक परिषदेनं त्या जागेभोवतीचं संकट-नियोजनाचं वर्तुळ वाढवलं. आधीची दीड किलोमीटरची त्रिज्या तीन किलोमीटरच्या पुढं गेली. जवळच ग्रेझली इथे पंधरा हजार घरांचं नवं नगर वसवायचं घाटत होतं. ते बारगळलं. एका बिल्डर कंपनीनं या वाढीव वर्तुळालाच कोर्टात आव्हान दिलं. २०२१ साली ते फेटाळलं गेलं.

तिथेही सगळं सरळ नाही बरं. त्याच भागातल्या ऑल्डरमॅस्टनच्या अण्वस्त्र केंद्राजवळ टॅडली गाव आहे. तिथल्या शंभरावर घरांना अणुसुरक्षेच्या तपासनिसांचा विरोध होता, तरी मंत्र्यांनी २०११ साली परवानगी दिली. म्हणजे हरकत घेतली की जिंकलोच, असं नाही. पण हरकत नोंदलेली असली, की ती डावलणाऱ्याला सहीनिशी डावलावी लागते. हेही काही कमी नाही.

मैत्रिणीचा अर्ज मी मागवून वाचला. दीड पानाचा. त्यात "अणू हा राक्षस आहे" वगैरे काही नाही. पाच किलोमीटरच्या नियमाचा उल्लेख, केंद्रापासूनचं अंतर, रस्त्याची रुंदी, पावसाळ्यात पाणी कुठं तुंबतं, जवळच्या दवाखान्यात खाटा किती, आणि शेवटी एकच प्रश्न: या वसाहतीचा विचार संकटकालीन आराखड्यात केला आहे का, केला असेल तर दाखवा. माहितीच्या अधिकारात, म्हणजे २००५ च्या कायद्यानं, हाच प्रश्न तिनं वेगळाही विचारला आहे. वर्गात मुलांची उत्तरं तपासावीत तसा अर्ज!

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितली नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. ज्या जमिनीवर ही वसाहत होणार, ती मैत्रिणीच्या चुलत दिरांची. खारवट, पिकाला बेताची. तिचे पैसे आले की मुलीचं लग्न आणि मुलाचं दुकान, असा त्यांचा हिशेब. अर्ज गेल्यापासून ते हिच्याशी बोलत नाहीत. गणपतीला या वर्षी आरतीलाही आले नाहीत.

"त्यांचं चुकलं असं मी म्हणू कशी?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज बदलला. "इथल्या लोकांनी कमी सोसलं नाही. नव्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टीच्या लोकांनी घरं सोडली. आता दिरांनी जमीनही विकायची नाही म्हटलं, तर त्यांनी खायचं काय? वीज सगळ्यांना, आणि बंधन फक्त आम्हाला. या बंधनाचा मोबदला त्यांना मिळायला हवा, हेसुद्धा मी अर्जात लिहिलंय. ते पान दिरांनी अजून वाचलेलं नाही."

मला वाटतं, खरी गोष्ट या न वाचलेल्या पानावर आहे. सगळ्यांच्या भल्यासाठी कुणाच्या जमिनीवर रेघ ओढायची असेल, तर त्या रेघेची किंमत सगळ्यांनी मिळून द्यायला नको का? नाहीतर नियम पाळणारा शेतकरी मूर्ख ठरतो, आणि हरकत घेणारी बाई भाऊबंदांची वैरीण.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. आधी तो चिडला. "मावशी, महारेराचा नोंदणी क्रमांक आहे त्यांच्याकडे!" असेल ना बाबा. त्या नोंदणीत जमीन कुणाची आणि ताबा कधी हे कळतं. संकटाच्या वेळी आईला जिन्यावरून कोण उतरवणार, हे कळत नाही. मी त्याला घरविम्याची पॉलिसी काढून काय काय वगळलंय ते वाचायला सांगितलं. किरणोत्सर्गानं होणारं नुकसान त्यात वगळलेलं असतं. ते त्यानं वाचलं, आणि फोनवर बराच वेळ गप्प राहिला.

बुकिंग रद्द झालं. पन्नासपैकी तीस हजार परत मिळाले, वीस "कार्यालयीन खर्चात" गेले. भाऊजी म्हणाले, "वीस हजारांत नकाशा वाचायला शिकलो, स्वस्तात पडलं." ताई मात्र समुद्रासाठी हळहळली. सत्तरीत पहिल्यांदा स्वतःचं घर दिसलं होतं तिला. त्या हळहळीला माझ्याकडे उत्तर नाही.

मैत्रिणीच्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. पण वाचकहो, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात "हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत" अशी सूचना असते ना, जिच्यावर आपण भाजी निवडतो, ती एकदा वाचून पाहा. केंद्र असो, कारखाना असो, धरण असो. अंतर मोजा, रस्ता मोजा, माणसं मोजा. आणि मुदतीत लिहा.

आणि हो, अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.