‘आपण’ म्हणजे नक्की कोण?

सोसायटीची वार्षिक सभा. पार्किंगमध्ये मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, कोरमअभावी अर्धा तास तहकूब करून त्याच जागी, त्याच माणसांसमोर पुन्हा सुरू झालेलं कामकाज. सेक्रेटरी अहवाल वाचतात. ‘यंदा आम्ही लिफ्टचं काम मार्गी लावलं. आम्ही टाक्या साफ करून घेतल्या.’ मग चष्मा जरा वर सरकतो. ‘आता गच्चीच्या गळतीचं. त्यासाठी आपल्याला प्रत्येकी २५ हजार काढावे लागतील.’

काम आम्ही केलं, पैसे आपण द्यायचे. माना डोलतात. कुणाला काही खटकत नाही, कारण वाक्य अगदी घरच्यासारखं आहे.

वक्तृत्वाची चर्चा निघाली की मराठी माणूस आवाजाबद्दल बोलतो, कोट्यांबद्दल बोलतो, अमक्याने कसा पॉझ घेतला आणि शिवाजी पार्क कसं हललं ते सांगतो. स्पर्धेचे परीक्षकही उच्चार, हावभाव आणि वेळेचं भान यांना गुण देतात. सर्वनामाला गुण देणारा परीक्षक अजून जन्माला यायचाय. पण मन वळवण्याचं निम्मं काम तिथेच उरकलेलं असतं.

हिंदीत ‘हम’ म्हटलं की झालं, इंग्रजीत ‘वुई’. त्या ‘हम’मध्ये समोरचा धरलाय की नाही, हे ज्याने त्याने समजून घ्यायचं. मराठीत ही पळवाट नाही. ‘आम्ही’ म्हणजे तुम्हाला सोडून आणि ‘आपण’ म्हणजे तुम्हाला धरून. व्यासपीठावर उभ्या राहिलेल्या माणसाला दर वाक्यागणिक ठरवावं लागतं, श्रोत्यांना आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं. बहुतेक जण हे सवयीने करतात. मुरलेले वक्ते हिशेबाने करतात.

त्यात ‘आपण’ हा शब्द भलताच बहुरूपी. ‘आपण कुठले?’ यात तो आदरार्थी ‘तुम्ही’ असतो. ‘आपण नाही बुवा असल्या भानगडीत पडत’ यात सरळसरळ ‘मी’. ‘आता आपण गोळी घ्यायची हं’ असं नर्स म्हणते तेव्हा गोळी अर्थातच एकटा पेशंट गिळतो. महाराष्ट्र शासनाच्या पोर्टलचं नाव ‘आपले सरकार’. ते सगळ्यांचं सरकार, की आदराने ‘तुमचं’ सरकार? दोन्ही अर्थ लागतात आणि दोन्ही कानाला गोड. ज्याने हे नाव सुचवलं त्याला मराठी उत्तम येतं. चौकातल्या फ्लेक्सवरच्या ‘आपला माणूस’चंही तेच. तो आपला कधीपासून झाला, हे विचारायला कुणी थांबत नाही.

जुन्या मंडळींना या शब्दाचं वजन नेमकं ठाऊक होतं. ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ ही लोकमान्य टिळकांच्या नावाशी कायमची जोडली गेलेली, होमरूलच्या काळातली घोषणा. तिच्यात ‘आमचा’ घालून पाहा, सरकारदरबारी दिलेला अर्ज होतो. ‘आपला’ घातला तर अध्यक्षीय भाषण. ‘माझा’ म्हटल्यामुळे जो हे वाक्य उच्चारेल त्याच्या नावावर तो हक्क चढतो, मग तो उच्चारणारा टिळक असो की नगरच्या बाजारपेठेतला हमाल. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ या १८९७ च्या अग्रलेखाच्या मथळ्यात तर सर्वनामच नाही. प्रश्न कोण विचारतंय? छापला ‘केसरी’ने, पण वाचणाऱ्याला वाटतं की हे आपल्याच मनात होतं.

हे सगळं दुसऱ्या भाषेत नेताना काय होतं, तेही टिळकांनीच भोगलं. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे मराठी अग्रलेख ज्यूरीसमोर ठेवले गेले ते इंग्रजी भाषांतरातून. टिळक स्वतःच्या बचावासाठी २१ तासांहून अधिक बोलले. त्यातला बराच वेळ भाषांतरातल्या शब्दांची चिरफाड करण्यात गेला. ७ विरुद्ध २ मतांनी ते दोषी ठरले आणि ६ वर्षं मंडालेला गेले.

‘आम्ही’ हा शब्द नेहमी दूर लोटण्यासाठीच असतो, असं मात्र नाही. महाडला १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याबद्दल जे मांडलं त्याचा आशय सर्वांना माहीत आहे. ते पाणी प्यायल्याने कुणी अमर होणार नव्हतं आणि इतके दिवस न पिताही माणसं जगलीच होती. तळ्यावर जायचं ते इतरांसारखी आम्हीही माणसं आहोत, हे सिद्ध करायला. इथल्या ‘आम्ही’ला लागलेला ‘ही’ ऐकण्यासारखा आहे. या ‘आम्ही’च्या बाहेर जे उभे आहेत त्यांनीच तर तळ्याभोवती रेघ ओढली होती. मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव १९२३ मध्ये केला होता, महाड नगरपालिकेनेही त्याला पुढे दुजोरा दिला होता. कागदावर सगळे ‘आपण’ झालेच होते. तळ्यावर नव्हते. अशा वेळी वक्त्याने ‘आपण सारे एक’ म्हणणं म्हणजे शुद्ध लबाडी ठरली असती. आंबेडकरांनी ती केली नाही आणि त्या चळवळीच्या भाषेला धार आली ती त्यातून.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने तिसरीच वाट काढली. ‘झालाच पाहिजे’ यात कर्ता नाही. कोणी करायचा, कोणाकडून मागायचा, काही नाही. समितीत समाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेकाप होता. या मंडळींना एका ‘आपण’मध्ये कोंबणं अवघडच होतं. घोषणेने सर्वनामच गाळलं आणि सगळा जोर एका ‘च’वर टाकला. आचार्य अत्र्यांनी ‘मराठा’तून अतिशयोक्तीचे डोंगर रचले, त्यांची आठवण लोक अजून काढतात, पण भिंतीभिंतीवर पोचला तो हा ‘च’.

राज्य १ मे १९६० ला झालं आणि त्याच ऑगस्टमध्ये ‘मार्मिक’ निघालं. तिथे बाळासाहेब ठाकऱ्यांनी मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या. मथळा होता ‘वाचा आणि थंड बसा’. पुढे तो ‘वाचा आणि उठा’ झाला. युक्तिवाद नाही, विशेषणं नाहीत, नुसती आडनावं. ‘आपण’ कोण हे न सांगता ‘ते’ कोण याची यादी द्यायची, म्हणजे उरलेले आपोआप ‘आपण’ होतात. मन वळवण्याची याहून स्वस्त आणि परिणामकारक रीत मराठी पत्रकारितेत क्वचितच कुणाला साधली असेल. ती न्याय्य होती का, हा वेगळा प्रश्न, आणि ज्यांची आडनावं छापली गेली त्यांच्या बाजूने पाहिलं तर उत्तर सोपं आहे.

यात एक गंमत दडलेली आहे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद उत्तरेकडच्या बहुतेक आर्यभाषांमध्ये दिसत नाही. तो मराठीत आहे, गुजरातीत आहे आणि तमिळ, तेलुगू, मल्याळममध्ये ठसठशीत आहे. तमिळमध्ये ‘नाम’ म्हणजे आपण, ‘नांगळ’ म्हणजे आम्ही. तेलुगूत ‘मनम’ आणि ‘मेमु’. मराठीने हा भेद द्राविडी शेजारातून उचलला, असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे ज्या ‘आपण’मधून दाक्षिणात्यांना वगळलं, त्या ‘आपण’ची घडणच बहुधा त्यांच्याकडून आलेली. यादी करणाऱ्याला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. असतं तरी त्याने यादी थांबवली असती असं वाटत नाही. तिकडेही हे हत्यार गंजत पडलेलं नाही. तमिळनाडूतल्या एका पक्षाचं नावच ‘नाम तमिळर’ आहे, ‘आपण तमिळ’.

पार्किंगमधल्या सभेत मागच्या रांगेतून हात वर होतो. तळमजल्यावरचे काका. लिफ्टच्या वेळीही त्यांनी असाच हात वर केला होता.

‘आपल्याला काढावे लागतील म्हणालात. आपल्याला म्हणजे कोणाला? गच्ची गळली तर माझ्याकडे थेंबही येत नाही.’

सेक्रेटरी कागद चाळतात. ‘आपल्याला म्हणजे… सर्वांनाच.’

‘मग कंत्राटदार ठरवताना मला नाही विचारलंत.’

‘ते आम्ही कमिटीत ठरवलं.’

कोणीतरी हसतं, कोणीतरी वरच्या मजल्यावरचं ‘काका, असं कसं म्हणता’ म्हणून सुरू करतं. तेवढ्यात चहाची किटली आणि वेफर्सचे द्रोण येतात. मिनिट बुकात लिहिलं जातं, ‘गळतीच्या विषयावर सविस्तर चर्चा झाली.’

कोणी केली, ते वाक्यात नाही.