सही करण्यापूर्वी



मी मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. ज्यांच्या नावाचं हे उपनगर, त्यांच्याच नावाचा एक निधी २००८ मध्ये जाहीर झाला. दुर्मीळ प्रजातींवर काम करणाऱ्यांना तो एका प्रकल्पासाठी कमाल २५ हजार डॉलर देतो. मला त्याचं फार कौतुक. गेल्या महिन्यात मात्र गावाहून चुलतभावाचा फोन आला आणि नुसतं कौतुक पुरेनासं झालं.

दोडामार्ग तालुक्यात आमचा सामाईक डोंगर आहे. सातबारावर माझंही नाव. रबर लावणारं गिऱ्हाईक आलंय, कुलमुखत्यारपत्रावर माझी सही हवी. मी नाही म्हटलं. ‘तुका काय जाता सांगूक?’ दादा म्हणाला. खरंच होतं ते. त्याच्या मुलीची फी त्या पैशांवर अवलंबून. माझा पगार मात्र दर महिन्याला जमा होतो.

वर्षावन म्हटलं की आपल्याला ॲमेझॉन आठवतं. तिळारी खोऱ्यातलं सदाहरित, निमसदाहरित रान त्याच जातकुळीचं. तिथे मोठ्या धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला फळं भरवतो. रबराच्या रांगांत ना तशा ढोल्या, ना ती फळं. सरकारने २०२० मध्ये तिळारीतलं २९.५३ चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव केलं. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली २५ गावं पर्यावरण-संवेदनशील म्हणून अधिसूचित करायला सांगितलं. पण इथलं बरंच रान खासगी मालकीचं. त्याचं भवितव्य आपल्यासारख्यांच्या सहीवरही ठरतं.

‘जंगल वाचवा’ असं आखातातून म्हणायला काही पडत नाही. त्याची किंमत गावात राहिलेला मोजतो. हे पटल्यावर मी दादाला पुन्हा फोन केला. डोंगरावरचं रान तोडायचं नाही; त्या बदल्यात खालच्या काजूबागेतला माझा वाटा त्याचा, आणि पुतणीची निम्मी फी माझ्याकडे. ‘बघूया’ म्हणाला. मी अजून सही केलेली नाही, आणि निश्चिंतही नाही.

आपल्यापैकी किती जणांची नावं अशा सातबारांवर आहेत? पर्यावरणासाठी देणगी जरूर देऊ. पण आधी आपला उतारा काढून पाहू, आणि गावातल्या भावाशी हिशेबाचं बोलू.