अठरा हत्यारं आणि एक सैल स्क्रू

मंडळी, शनिवार आहे, दुसरा चहा झालाय आणि आज जरा भांडायचा मूड आहे.

आमच्या आयटीवाल्या जमातीला एक नाद लागलाय. मल्टिटूलचा. सॅकच्या कप्प्यात लेदरमन, नाहीतर गेला बाजार व्हिक्टोरिनॉक्सचा लाल चाकू. घेण्याआधी महिनाभर रिव्ह्यू बघायचे, स्टीलच्या ग्रेडवरून कँटीनमध्ये वाद घालायचे, आणि वस्तू घरी आली की घड्याळ, पाकीट, पेन आणि टूल टेबलावर ओळीने मांडून फोटो काढायचा. आणि मग? मग कपाटाची बिजागरी सैल झाली की अ‍ॅपवरून माणूस बोलवायचा!

माझं म्हणणं एवढंच आहे की मल्टिटूल वाईट नाही, पण आपण ते उलट्या टोकाकडून निवडतो. त्यात किती हत्यारं आहेत ते मोजतो, आपल्याला किती कामं आहेत ते मोजत नाही. रिक्वायरमेंट न विचारता कोड लिहायला बसणाऱ्याला आपण मीटिंगमध्ये काय काय बोलतो, आठवा जरा.

गंमत म्हणजे ही हत्यारं जन्माला आली ती कामाच्या यादीतूनच. स्विस सैनिकाच्या १८९० च्या चाकूत चारच गोष्टी होत्या: पातं, टोच्या, डबा फोडायचं हत्यार आणि स्क्रू ड्रायव्हर. का? तर सैनिकाला डबाबंद अन्न मिळायला लागलं होतं आणि नवी रायफल उघडायला स्क्रू ड्रायव्हर लागायचा. विषय संपला. टिम लेदरमन हा अमेरिकन इंजिनिअर १९७५ मध्ये जुन्यापान्या फियाटमधून युरोप फिरत होता. गाडी सारखी बंद पडायची, खिशात चाकू होता, पण पक्कड नव्हती. त्या नसलेल्या पकडीपायी त्याने पुढची आठ वर्षं घालवली आणि १९८३ मध्ये पहिलं टूल विकलं. म्हणजे आधी अडचण, मग हत्यार. आपण आधी हत्यार घेतो आणि मग अडचण शोधत हिंडतो.

आणि आपल्याला हे काही नवीन नाही हो. घरातली विळी घ्या. एकाच लोखंडात भाजी चिरायचं पातं आणि टोकाला नारळाची खोवणी. तिच्यात तिसरं काही नाही, कारण तिथे बसणाऱ्या बाईला तिसरं काही नको होतं. आजोबांच्या चंचीत अडकित्ता असायचा, कारण सुपारी रोज कातरायची असायची. अडकित्त्याला कुणी बाटलीचं ओपनर जोडलं नाही.

आता आपली यादी करू. हिंजवडी, तळवडे किंवा चाकणला जाणाऱ्या माणसाला आठवड्यात खरोखर काय लागतं? कुरिअरचं खोकं उघडणं. पाकीट किंवा दोरा कापणं. चष्म्याचा स्क्रू. काटा काढणं. केबलचा झिप टाय तोडणं. याला अठ्ठावन्न मिलिमीटरचा, वीसेक ग्रॅमचा, कात्री आणि चिमटा असलेला छोटा चाकू पुरतो. (चष्म्याच्या स्क्रूला त्याचं टोक मोठं पडतं, त्यासाठी बारका स्क्रू ड्रायव्हर वेगळा.) किल्ल्यांना लावला की विसरायला होत नाही, आणि जे विसरायला होत नाही तेच वेळेला सापडतं. लेदरमनचं वेव्ह प्लस घेतलंत तर अठरा हत्यारं, पाच आकडी किंमत आणि पाव किलोला नऊ ग्रॅम कमी वजन. पहिला आठवडा खिशात, दुसरा आठवडा सॅकमध्ये आणि तिसऱ्यापासून ड्रॉवरमध्ये.

"अरे, पण त्यात पक्कड आहे ना! बाईक बंद पडली तर?" हा हमखास प्रश्न. बाईकला बहुतेक वेळा लागतो दहाचा पाना. मल्टिटूलच्या पकडीने बोल्ट फिरवलात की त्याचे कोपरे खाल्ले जातात, आणि मग तो बोल्ट दहाच्या पान्यालाही दाद देत नाही. सायकल असेल तर चार, पाच आणि सहाच्या एलन की. त्या मोठ्या मल्टिटूलच्या पोटात बहुधा नसतात, वेगळ्या घ्याव्या लागतात. म्हणजे अठरा हत्यारं जवळ असून नेमकं लागणारं एकोणिसावं!

या पट्ट्यात राहून हे कळू नये याचं जास्त वाईट वाटतं. बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन यांचे कारखाने असलेल्या चाकणमध्ये आपण राहतो. असेंब्ली लाइनवर काय असतं? एका स्टेशनला ठरलेला बोल्ट, ठरलेला टॉर्क, ठरलेलं हत्यार. भिंतीवर शॅडो बोर्ड, म्हणजे प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली. पाना जागेवर नसला की रिकामी आकृती लांबूनच दिसते. तिथे मल्टिटूलला कुणी विचारत नाही, कारण ते मुळात तडजोड आहे. पेटी लांब असताना कामी येणारी तडजोड. पॅनेल ते पॅनेल फिरणारा कमिशनिंग इंजिनिअर किंवा सर्व्हर रूममध्ये एकटा अडकलेला नेटवर्कवाला, यांच्यासाठी ती शंभर टक्के योग्य. पण टूलपेटी दहा पावलांवर असताना खिशातून तडजोड काढणं हा निव्वळ आळस आहे.

आता गंभीर मुद्दा. मल्टिटूलचे दांडे बहुतेक उघड्या स्टीलचे असतात. आपल्या भिंतीत २३० व्होल्ट आहेत. "जरा स्विचबोर्डचा स्क्रू टाइट करतो" म्हणून पाच आकडी टूल बोर्डात घालणारे लोक मी पाहिलेत आणि माझ्या पोटात गोळा येतो. घरच्या कामाला नाशिकात कारखाना असलेल्या टपारियाची किंवा तशीच चांगली इन्सुलेटेड पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि एक टेस्टर घ्या. लेदरमनच्या किमतीत असे कितीतरी संच येतील. आणि तरीही आधी मेन स्विच बंद करा. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे करंट नाही, असं समजू नका. दिवा गेलेला असू शकतो. आधी चालू असलेल्या सॉकेटवर टेस्टर तपासून घ्या.

दुसरी गोष्ट कायद्याची. मराठीत टूललाही हत्यार म्हणतात आणि शस्त्रालाही. खंडेनवमीला भोसरीच्या शेडमध्ये पान्या-पकडींना हळद-कुंकू वाहतात तेव्हा हा दुहेरी अर्थ छान वाटतो, नाकाबंदीला वाटत नाही. शस्त्र नियमांतली नऊ इंचांची मर्यादा वाचून "आपलं पातं तर तीन इंचांचं" म्हणून निश्चिंत होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली आयुक्तालय वेळोवेळी मनाई आदेश काढतं. त्या कलमात सुऱ्या आहेतच, शिवाय इजा करायला वापरता येईल अशी कुठलीही वस्तू आहे. २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र आयुक्तालय आहे आणि चाकण, हिंजवडी त्यातच येतात. एका हाताने उघडून लॉक होणारं पातं काय कामाला लागतं, हे रात्री अकराला हवालदाराला समजावून सांगायची तुमची तयारी आहे का? कात्री समजावून सांगावी लागत नाही. विमानाचं तर सोडाच. लोहगावला मल्टिटूल हँडबॅगेत राहिलं तर ते तिथेच सोडायचं.

"एवढी कटकट कशाला? एक फोन केला की माणूस येतो," असं म्हणणारे दुसऱ्या टोकाला आहेत. माझं त्यांच्याशीही भांडण आहे. सब-मीटरच्या पुढचं काम वायरमनचंच, त्यात वाद नाही. पण बिजागरीचा स्क्रू, नळाचा वायसर, सायकलची चेन? चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानस घासून घासून जॉब केला, आणि आता स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा हे यूट्यूबवर बघायचं? आयटीआय झालेला पोरगा खिशात एक टेस्टर घालून निम्मं चाकण चालू ठेवतो. त्याला आपण "टेक्निशियन" म्हणतो आणि स्वतःला इंजिनिअर. हाताला सवय नसेल तर अठरा काय, ऐंशी हत्यारं घ्या, दागिना तो दागिनाच.

तेव्हा विकत घ्यायच्या आधी एक करा. दोन आठवडे फोनच्या नोट्समध्ये लिहा: कुठे, कधी, कोणतं हत्यार हवं होतं आणि नव्हतं. यादीत तीनदा पक्कड आली, तीही घराबाहेर, तर खुशाल पक्कडवालं टूल घ्या, आणि बिजागरीवर पावसाळ्यात मशीन ऑइलचा थेंब टाकत जा. यादीत नुसती खोकी आणि दोरे आले, तर छोटा चाकू घ्या. आणि यादी कोरीच राहिली तर पैसे वाचले. त्यातून टूलपेटी घ्या आणि कपाटाची ती बिजागरी आज संध्याकाळीच आवळून टाका.

कमेंटमध्ये शिव्या चालतील, पण आधी यादी दाखवा!